आयडी पोराची, ईमेल कुणाचा?

"मामा, माझी आयडी गेली."

शनिवारी संध्याकाळी भाचा दारात उभा राहून एवढंच बोलला. बारावीला आहे, शिकायला माझ्याकडे बारामतीत असतो. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, गावाकडं काहीतरी झालं. मी आक्काला, त्याच्या आईला, फोन लावायला निघालोच होतो.

झालं होतं ते असं. फोन पाण्यात पडला. दुरुस्तीला दिला, तर दुकानदारानं रिसेट मारून परत दिला. पोरानं खेळ पुन्हा उतरवून घेतला, आयडीचा नंबर टाकला. तो त्याला तोंडपाठ होता. मग खेळानं सहा आकडी कोड मागितला आणि सांगितलं, कोड तुमच्या ईमेलवर पाठवलाय. पत्ताही पडद्यावर दाखवला: पहिलं अक्षर एस, पुढं टिंबांची रांग, शेवटी सात, मग जीमेल डॉट कॉम. मधली टिंबं पोराला भरता येईनात. पाच वर्षं ज्या पत्त्याच्या जिवावर तो खेळला, तो पत्ता त्यानं स्वतः एकदाही लिहिलेला नव्हता.

"बरं झालं, आता अभ्यास करील." हे वाक्य मी दोन दिवसांत चौघांकडून ऐकलं. शेजाऱ्यांकडून, मित्राकडून, घरातल्या दोघांकडून. कुणाची शेळी चोरीला गेली तर आपण त्याला 'बरं झालं, चारा वाचला' म्हणतो का? मग पोराचं गेलं तेव्हा तोंडातून हे कसं निघतं? ज्याला गेलेल्या वस्तूची किंमत कळत नाही, त्यानं निदान गप्प बसावं.

किंमत मी विचारली. पोर सातवीत होतं तेव्हा शाळा बंद होत्या आणि त्यानं हा खेळ सुरू केला. त्याला धरून चौघांचं पथक होतं. एक भवानीनगरचा, एक इंदापूरचा आणि एक नाशिककडचा, ज्याला यानं आजवर प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. "त्याचा नंबर घे की," मी म्हणालो. "नंबर नाही, मामा. आम्ही तिथंच बोलायचो." म्हणजे पातळ्या आणि पोशाख गेले ते वेगळंच, पोराचा एक मित्रही त्या कुलपाच्या आत राहिला. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मीही पहिल्या मिनिटाला त्याला 'उद्या बघू' म्हणालो नसतो.

आता तो ईमेल कुणी काढला, ते बघू.

सन २०२०. वर्ग मोबाइलवर भरायला लागले. आक्कानं दुधाच्या पैशातून पोराला फोन घेतला. फोन चालू करताना काउंटरवरच्या माणसानं ईमेल तयार केला, कारण त्याशिवाय प्ले स्टोअर उघडत नाही. पत्ता त्यानंच ठरवला. पासवर्ड त्यानंच ठरवला आणि फोनच्या खोक्यावर पेननं लिहून दिला. जन्मसालही त्यानंच टाकलं आणि ते खोटं टाकलं. आपल्याकडे १३ वर्षांच्या आतल्या मुलाला स्वतःचं असं गूगल खातं काढता येत नाही, आणि पोर बारा वर्षांचं होतं. खातं परत मिळवायचा नंबर म्हणून फोनसोबत घेतलेल्या नव्या सिमचा नंबर दिला. ते सिम पुढं रिचार्जविना बंद पडलं. पाच मिनिटांत पोराच्या नावानं एक माणूस तयार झाला. त्याचं नाव अर्धं, वय खोटं, नंबर मेलेला.

बारामतीत भिगवण रस्त्याला किंवा इंदापुरात बस स्थानकाजवळ कुठल्याही मोबाइल शॉपीत अर्धा तास उभे राहा. आजही हेच चाललेलं दिसेल. गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्हीच काढा ना काहीतरी ईमेल." मी एकट्या दुकानदाराला दोष देणार नाही. जे शाळेनं शिकवायला हवं होतं आणि घरानं विचारायला हवं होतं, ते काम आपण त्याच्या काउंटरवर टाकून मोकळे झालो. एमएस-सीआयटी २००१ पासून आहे. नोकरीला प्रमाणपत्र लागतं म्हणून गावोगावच्या पोरांनी तो कोर्स केला, ईमेल कसा काढायचा तेही त्यात आलं. पण तो ईमेल आपला आहे, जपायचा आहे, घराच्या किल्लीसारखा कुणाच्या हातात द्यायचा नाही, ही गोष्ट त्या वर्गातून घरापर्यंत पोचलीच नाही.

ही एकट्या माझ्या भाच्याची गोष्ट असती तर सदर लिहिलं नसतं. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला सर्व्हर भारतात बंद झाले. पुढच्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, तोच खेळ बीजीएमआय नावानं आला आणि जुन्या खात्यातला माल नव्या खात्यात हलवायची सोय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत होती. अट एक होती: जुनं फेसबुक किंवा ट्विटर खातं चालू हवं. ज्यांचं फेसबुक कुणा दादानं काढून दिलं होतं, ज्यांना त्याचा पासवर्ड ठाऊक नव्हता, त्यांचा माल पलीकडेच राहिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला. त्या खेळात कितीतरी पोरं 'गेस्ट' म्हणून खेळायची, कारण ईमेलची कटकट नको. गेस्टचं खातं त्या फोनपुरतंच असतं. फोन फॉरमॅट केला की ते जातं आणि कंपनीकडेही त्याला परत आणायची वाट नसते. पोरांना हे कधी कळलं? गेल्यावर.

ईमेल मरतो कसा, तेही सांगतो, कारण बहुतेकांना तो अमर वाटतो. गूगलनं मे २०२३ मध्ये जाहीर केलं आणि त्या डिसेंबरपासून अमलात आणलं: दोन वर्षं वापर झाला नाही, तर वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं. पुसलेला जीमेल पत्ता पुन्हा कुणालाही मिळत नाही, मूळ मालकालाही नाही. याहूनं २०१३ मध्ये याच्या उलट केलं होतं. वर्षभर न वापरलेले पत्ते दुसऱ्यांना देऊन टाकले. म्हणजे तुमच्या जुन्या पत्त्यावर येणारं पत्र नवा भाडेकरू उघडणार. मोबाइल नंबरचं तर हे रोजचंच आहे. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस थांबवून कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते. तुमच्या खात्याचा ओटीपी ज्या नंबरवर जातो, तो नंबर आज कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजत असेल. जुलै २०२४ मध्ये रिचार्जचे दर वाढले, तेव्हा आमच्या घरानं दुसरं सिम सोडून दिलं. सोडताना त्या नंबरला काय काय बांधलेलं आहे, हे मोजायला कुणी बसलं नाही. मीही बसलो नाही.

रविवारी सकाळी मी आणि भाचा वही घेऊन बसलो. कंपन्या पुरावा म्हणून काय मागतात, ते वाचून काढलं. खातं कधी उघडलं, कुठल्या गावात उघडलं, पहिला फोन कुठला होता, पहिली खरेदी कधी आणि तिचा पावती क्रमांक काय. संगणकावरचे खेळ विकणारी स्टीम ही कंपनी तर दुकानातून आणलेल्या खेळाच्या छापील कोडवर तक्रार क्रमांक हातानं लिहून त्याचा फोटो पाठवायला सांगते. हा प्रकार मला आवडला. कागद आहे, हातचं अक्षर आहे, पलीकडे ते बघणारं माणूस आहे. पण मोबाइलवर खेळणाऱ्या पोराकडे छापील कोड कुठून असणार? त्याची खरेदीची पावती येते ईमेलवर. त्याच ईमेलवर, जो हरवलाय.

मग पोराला सुचलं, मला नाही. त्यानं दिवाळीत आक्काच्या फोनवरून यूपीआयनं पैसे भरले होते. "मम्मीच्या पासबुकात नोंद असेल." पासबुकात तारीख असते, रक्कम असते, पैसे कुणाला गेले ते असतं. बँकेनं छापलेला पुरावा. पण खेळाच्या मदत पानावर तो जोडायची जागाच नव्हती. तिथं चार ठरावीक प्रश्न आणि एक यंत्र. आम्ही तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं: नोंदलेल्या ईमेलवर आलेला कोड टाका. किल्ली हरवली म्हणून सांगायला जावं आणि दारानं म्हणावं, किल्ली लाव. कोट्यवधी पोरांकडून पैसे घेणाऱ्या धंद्याला उत्तर द्यायला एक माणूस ठेवता येत नाही, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

यंत्र ऐकत नाही म्हटल्यावर पोर दुसरीकडे वळणार, हे मला कळायला हवं होतं. दुपारी त्यानं मला एक संदेश दाखवला. कुणीतरी अनोळखी: "आयडी रिकव्हर करून देतो, ५०० रुपये आधी, काम झाल्यावर ५००." मग त्याच माणसानं लिहिलं होतं, तुझ्या फोनवर आत्ता एक ओटीपी येईल, तो सांग. तो ओटीपी खेळाचा नव्हता. व्हॉट्सॲपचा होता. पोर दोन मिनिटं थांबलं आणि मला विचारायला आलं, म्हणून वाचलं. ज्या पोराच्या घरात 'बरं झालं' म्हणतात ते पोर विचारायला कुणाकडे जाणार? ते ओटीपी देऊन मोकळं होणार. पैसे गेलेच तर १९३० हा क्रमांक आहे, तिथं लगेच, त्याच तासात फोन करायचा. उशीर जेवढा, तेवढे पैसे लांब जातात. आणि एक पक्कं: खातं परत मिळवून द्यायचे पैसे गूगलही घेत नाही, कुठलीही खरी गेम कंपनीही घेत नाही. जो मागतो तो चोर.

संध्याकाळी मी विचारलं, "तुझा पहिला फोन कुठाय? आक्कानं घेतलेला?"

काच फुटली म्हणून सोळा महिन्यांपूर्वी तो बदलला होता. नव्या फोनवर दुसऱ्या दुकानात दुसरा ईमेल निघाला. खेळाचं खातं मात्र जुन्याच पत्त्यावर राहिलं, कारण जुन्या फोनवर आलेला कोड बघून दुकानदारानंच नव्या फोनवर टाकून दिला होता. जुना फोन गावी, कपाटात. त्यात तो जीमेल उघडाच असणार. सोळा महिने. दोन वर्षांना आठ महिने कमी.

सोमवारी पहाटेची एसटी धरली. बारामती, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी. भवानीनगरला छत्रपती कारखान्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमुळं गाडी रखडली. खिडकीतून त्या रांगेकडे बघताना कारखान्याचा चिटबॉय आठवला. उसाच्या नोंदीची चिठ्ठी हरवली म्हणून कुणा शेतकऱ्याचा ऊस रानात वाळू दिलाय का कधी त्यानं? गट ऑफिसात गेलं की तो विचारतो, कुठलं शिवार, लागण कधीची, शेजारी कोण. रजिस्टर काढतो. शेजारी साक्ष देतो. नोंद सापडते. त्या व्यवस्थेत खोट आहे, ओळखीपाळखीचा पक्षपात आहे, हे मी वर्षानुवर्षं याच सदरात लिहीत आलोय. पण कागद हरवला म्हणून माणूसच नाकारला, असं तिथं होत नाही.

आणि हा रस्ता तुकोबांच्या पालखीचा. बेलवाडीला गोल रिंगण होतं. एवढ्या गर्दीत दरवर्षी कुणाची तरी म्हातारी चुकते. ध्वनिक्षेपकावर पुकारा होतो: अमुक गावची, दिंडी क्रमांक अमुक, रथामागे. तिच्याजवळ फोन नसतो, ओळखपत्र नसतं. दिंडीचा आकडा आणि गावाचं नाव एवढ्यावर ती संध्याकाळी आपल्या माणसांत असते. लाखोंच्या वारीत जे जमतं, ते जगभर कचेऱ्या असलेल्या कंपन्यांना का जमू नये? मला खरंच जाणून घ्यायचंय. उत्तर मिळालं तर इथंच छापीन.

आक्कानं कपाट उघडलं. फोन बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांखाली होता. खोकं नव्हतं, ते केव्हाच चुलीत गेलं होतं, पासवर्डासकट. फोन चार्जिंगला लावला. अर्ध्या तासानं दिवा लागला. पण पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागाला स्पर्शच कळत नव्हता. पॅटर्न काढता येईना. पोराचा चेहरा पुन्हा शनिवारचा झाला.

निमगावातल्या संगणकाच्या क्लासवाल्याकडून एक माउस उसना आणला आणि बाजारातून ओटीजी केबल घेतली. फोनला माउस जोडता येतो, हे मला वयाच्या पन्नाशीत त्या दिवशी कळलं. पडद्यावर छोटा बाण आला. पॅटर्न पोराला डोक्यानं आठवेना, पण हवेत बोट फिरवून बघितला, मग तोच माउसनं काढला. कुलूप उघडलं. माझ्या फोनचं हॉटस्पॉट दिलं. जीमेल उघडलं आणि सोळा महिन्यांची पत्रं एकामागून एक खाली सरकायला लागली. वर, सगळ्यात ताजी, आमच्याच शनिवारपासूनच्या धडपडीची: तुमचा कोड, तुमचा कोड, तुमचा कोड. आम्ही बारामतीत बसून मागितलेले सगळे कोड निमगावात, कपाटात, बंद फोनच्या पत्त्यावर येऊन पडले होते.

पत्ता पाठ करून घेतला. टिंबांच्या जागी आक्काच्या गावाचं नाव होतं, चुकीच्या स्पेलिंगनं. मग नव्या फोनवरून गूगलकडे खातं परत मागितलं. जुन्या फोनवर प्रश्न आला: तुम्हीच आहात का? माउसचा बाण 'होय' वर नेऊन पोरानं दाबलं. नवा पासवर्ड घातला. मेलेला नंबर काढून जिवंत नंबर घातला. हे काम घरी, ओळखीच्या फोनवर, ओळखीच्या जागी केलं तर गूगलचा विश्वास लवकर बसतो. म्हणून जुना फोन फुटका असला तरी भंगारात देऊ नका, आधी त्यात कोण राहतंय ते बघा. आणखी एक नवी सोय आहे, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ऑक्टोबर २०२५ पासून गूगलनं खातं परत मिळवायला विश्वासातल्या माणसांची नावं देऊन ठेवायची व्यवस्था आणली. खातं अडकलं, तर ते माणूस आपल्या फोनवरून साक्ष देतं. उशिरा का होईना, शेजाऱ्याची साक्ष यंत्रालाही घ्यावी लागली.

पोराचा फोन वाजला. नाशिककडच्यानं लिहिलं होतं, "कुठं होतास?"

सगळ्यांच्या कपाटात जुना फोन नसतो. त्यांनी काय करायचं? इथं मला सरकारकडे वळायचंय. ऑनलाइन गेमची चर्चा आपल्या राज्यात झाली ती रमीवरून. सभागृहातल्या मोबाइलच्या चित्रफितीवरून तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्यावर टीका झाली, त्यांनी रमी खेळल्याचा आरोप नाकारला, आणि जुलै २०२५ च्या अखेरीस कृषी खातं आमच्या इंदापूरच्या दत्तात्रय भरणे यांच्याकडे आलं. पुढच्याच महिन्यात संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मोहोर उठली, पैशाच्या खेळांवर बंदी आली. त्या बंदीच्या बाजूचा मी आहे, घरं बुडताना पाहिलीत. पण त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्स आणि बिनपैशाचे खेळ वेगळे मानून त्यांना वाढवायचं म्हटलंय. वाढवायचं म्हणता, तर त्यात खेळणाऱ्या पोराचं खातं कुणाचं, हे सांगा. आज या खेळांच्या करारांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की खातं कंपनीचं, तुम्हाला फक्त वापरायची परवानगी. पोरानं पाच वर्षं घालवली, आईनं पैसे भरले, आणि मालकी शून्य.

हातात जे आहे ते तरी वापरू. माहिती तंत्रज्ञान नियमांखाली गूगल, फेसबुक यांसारख्या कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल ७ दिवसांत. त्यानं समाधान झालं नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. या समित्या २०२३ पासून काम करतात, अर्ज ऑनलाइन होतो, वकील लागत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात कंपनीकडे आपली काय माहिती आहे ते विचारायचा आणि ती दुरुस्त करून घ्यायचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, हे हक्क पुरते लागू व्हायला त्यापुढं दीड वर्षाची मुदत दिलीय. पण शाळेचा दाखला, पालकाची सही आणि पासबुकातली नोंद बघून, मराठीत बोलून पोराची ओळख पटवेल असं माणूस ठेवा, अशी सक्ती यातल्या एकाही कायद्यात नाही. ती हवी. दाखला हरवला तर शाळा प्रतिज्ञापत्रावर दुसरी प्रत देते. तेवढं साधं मागणं आहे.

ज्यांना अजूनही वाटतं की हा पोरांचा खेळ आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. म्हणजे निमगाव केतकीची मुलगीसुद्धा आता लॉगिन करून कॉलेज मागते. पुढं सीईटीचा अर्ज, शिष्यवृत्ती, एमपीएससी. सीईटी आणि एमपीएससीच्या नोंदणीत ईमेल आणि मोबाइल नंबर लागतोच. तिथं कुठला ईमेल जातो? तोच, काउंटरवर काढलेला. आज खेळाचं कुलूप बसलं, उद्या बसेल ते जागावाटपाच्या दिवशी बसेल. बारामतीत विद्या प्रतिष्ठान आहे, तुळजाराम चतुरचंद कॉलेज आहे, आजूबाजूच्या तालुक्यांतून हजारो मुलं इथं येतात. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक मुलाला एका संगणकासमोर बसवा. त्याचा ईमेल त्यानंच काढायचा, खरं वय घालायचं, आईचा चालू नंबर जोडायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. स्वागत समारंभातली दोन भाषणं कमी करा, वेळ निघतो.

आम्ही निघायच्या तयारीत होतो. आक्का चहा ठेवता ठेवता मागं वळली आणि कमरेचा फोन काढून पोराच्या हातात दिला.

"माझाबी ईमेल त्याच दुकानात काढलाय. बघ बरं, नंबर कुठला घातलाय त्यानं."

पोरानं बघितलं. नंबर दाजींच्या जुन्या सिमचा होता, जो दोन वर्षांपासून बंद आहे. त्याच खात्यावर दूध संकलनाचं ॲप होतं, बँकेचे मेसेज होते, नातवंडांचे सगळे फोटो होते. पोर पुन्हा खाली बसलं. शेवटची एसटी चुकली तरी चालेल, म्हणालं.